सिस्टर गावात का राहत नाही?

(वर्धा जिल्ह्यातील महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



ग्रामसभेत आपणच ठराव मांडतो, की उपकेंद्राच्या सिस्टरने मुख्यालयी राहावं. मागणी रास्त आहे. बाळंतपण काही दहा ते पाचच्या वेळेत येत नाही. पण आर्वी, आष्टी, कारंजा भागात फिरताना या बायांना राहायला दिलेल्या काही खोल्या मी पाहिल्या आहेत. दाराला आतून धड कडी नाही, पाणी हापशीवरून आणायचं. लहान मुलीला घेऊन एकटी बाई तिथे रात्र कशी काढणार? मग ती तालुक्याला खोली करते आणि एसटीने अप-डाउन करते. त्यावर वरून इलाज ठरलेला : घरभाडे भत्ता कापा!

आपला जिल्हा कापसाचा. वेचणीच्या दिवसांत बाया सकाळीच वावरात जातात, त्या दिवस मावळताना परततात. गरोदर बाई घरी भेटायची तर सिस्टरला भल्या पहाटे जावं लागतं, नाहीतर दिवेलागणीनंतर. जी वेळ कामाची, तीच भीतीची. एका गावात रात्री दारू पिऊन दार ठोठावणाऱ्यांविरुद्ध सिस्टरने तोंड उघडलं. गावच्या चार मोठ्या माणसांनी त्या पोरांना नाही, तिलाच समजावलं : "बाई, तुम्ही बदली करून घ्या." तिने घेतली. मग तेच गाव उपकेंद्राला कुलूप आहे म्हणून मोर्चा घेऊन गेलं.

1992 साली राजस्थानात भंवरीदेवी या साथिनीवर सामूहिक बलात्कार झाला, कारण तिने नेमून दिलेलं काम केलं, बालविवाह अडवला. त्या लढ्यातून 1997 चा विशाखा निकाल आला आणि पुढे 2013 चा कायदा. या कायद्यात कामाची जागा म्हणजे नुसतं ऑफिस नव्हे. कामानिमित्त बाई जिथे जाते ती प्रत्येक जागा त्यात येते. गृहभेटीचं घरसुद्धा. हे किती उपकेंद्रांत कुणी सांगितलंय?

डॉक्टरांसाठी निदान विचार तरी झाला. सुशीला नायर यांनी 1969 साली सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढलं, तिथे पुढे पदव्युत्तर प्रवेशासाठी दोन वर्षं ग्रामीण सेवेची अट आली. डॉक्टर खेड्यात राहिला की त्याला पुढची पायरी मिळायची. सिस्टरला काय मिळतं? 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून कितीतरी जणी कंत्राटावर आहेत, तोही अकरा-अकरा महिन्यांचा. पुढच्या वर्षी नोकरी राहील की नाही, हेच ठाऊक नसेल तर गावात बिऱ्हाड कोण थाटेल? 2023 साली हे कर्मचारी कायम करा म्हणून संपावर गेले, तेव्हा त्यांच्या मंडपात आपल्यापैकी किती जणी जाऊन बसल्या?

आशा मात्र टिकते, असं अधिकारी कौतुकाने सांगतात. टिकणारच. ती गावची सून, जाणार कुठे? तिच्या या अडकलेपणावर योजना उभी आहे, आणि हातात पगार नाही, मोबदला!

तेव्हा येत्या ग्रामसभेत ठराव अर्धा लिहू नका. मुख्यालयी राहावं, याच्या खालीच लिहा : कडीकोयंड्याची खोली, नळ, संडास, दिवा, रात्रीच्या भेटीला सोबत म्हणून मंडळाच्या दोन बाया, आणि कंत्राटी असेल तर तिला कायम करण्याची मागणी. सोबत यायला तयार असलेल्या बायांची नावं त्याच दिवशी घ्या. ठरावाची नक्कल तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.