दहा पसंतीक्रम आणि न ठरलेले मन

(अंबाजोगाई येथे दहावी उत्तीर्ण विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेल्या भाषणावरून)



'पुढे काय?' या प्रश्नाला 'अजून ठरलेले नाही' असे उत्तर देणारा मुलगा आपल्याकडे निष्काळजी गणला जातो. सोळाव्या वर्षी न ठरणे हे मला तरी प्रामाणिकपणाचे लक्षण वाटते. मात्र या न ठरण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. ज्याच्या घरी दोन वर्षे वाया घालविण्याची ऐपत आहे, तो खुशाल चाचपडतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील मुलगी 'ठरलेले नाही' म्हणाली, की पुष्कळदा घरचे तिचे लग्न ठरवून मोकळे होतात. म्हणून आजचे माझे बोलणे मुख्यतः तिच्यासाठी आहे.

आमच्या वडिलांच्या पिढीपुढे निवडीचा प्रश्नच नव्हता. निजामी राजवटीत हैदराबाद गाठायचे आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकायचे, हीच प्रमुख वाट होती. पुढे १९५० साली डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले, १९५६ साली या अंबाजोगाईत महाविद्यालय निघाले आणि १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. महाविद्यालये दाराशी आली ती अशी. आज त्यांना तोटा नाही. पण फलक पुष्कळ असणे आणि निवड असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होऊ लागले. त्या वर्षीच्या पद्धतीत दहापर्यंत पसंतीक्रम देता येत होते. परंतु पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढील नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडत असे. 'बघू तरी' म्हणून लातूरचे मोठे नाव वर टाकणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे. जेथे राहण्याजेवणाची सोय होणार नाही, ते महाविद्यालय तुमच्यापुरते अस्तित्वातच नाही. म्हणून आधी वसतिगृहाची चौकशी करा, नंतर क्रम लावा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना २०२१ साली मंजूर झाली आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून भोजन-निवासासाठी रक्कम मिळते. आपल्या तालुक्यात यातले प्रत्यक्षात काय चालू आहे, हे समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारा. विचारणे म्हणजे याचना नव्हे.

आता शाखेविषयी. विज्ञानाकडून बारावीनंतर कला, वाणिज्य वा कायद्याकडे वळता येते. कलाशाखेकडून अभियांत्रिकी-वैद्यकाकडे वळता येत नाही. म्हणून 'न ठरलेल्याने विज्ञानच घ्यावे' असे सांगतात. तर्क चुकीचा नाही, पण अपुरा आहे. उघड्या ठेवलेल्या दारालाही भाडे पडते आणि आपल्या भागात ते शिकवणी वर्गाच्या शुल्कातून वसूल होते. नाव गावच्या महाविद्यालयात आणि मुलगा दिवसभर शहरातील वर्गात, असली 'इंटिग्रेटेड' व्यवस्था तर ज्याचे ठरलेले नाही त्याने टाळावीच. ती दार उघडे ठेवीत नाही, बाहेरून कडी लावते.

माझे स्वतःचे सांगतो. १९७६ साली मी दहावी झालो. गणिताच्या धास्तीने कलाशाखा घेतली आणि गणित सोडले. पुढे आवडले ते नेमके अर्थशास्त्र! एम. ए. च्या वर्गात फळ्यावर कॅल्क्युलस आले, तेव्हा आपण काय टाकून आलो ते कळले. तेव्हा वाणिज्य किंवा कला घेतलीत तरी, ज्या महाविद्यालयात गणिताचा पर्याय आहे त्याला वरचा क्रम द्या.

आणि महाविद्यालय पाहायचे ते एखाद्या साध्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजता. तास होतात का? प्रयोगशाळेच्या कुलपाला गंज तर नाही ना? ग्रंथालयातून पुस्तक घरी मिळते का? तुमच्या विषयाला शिक्षक आहे, की पद रिक्त आहे? मुलींनी शेवटच्या एसटीची वेळही विचारून घ्यावी.

पालकहो, कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की तुम्ही कर्नाटकात किंवा पश्चिम महाराष्ट्रात असाल. त्यापूर्वी मुलीचा प्रवेश आणि राहण्याची सोय, दोन्ही झालेले असले पाहिजे. ज्यांचा अर्ज भरायचा राहिला आहे त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. मी कागद-पेन्सिल घेऊन बसणार आहे.