सायकलस्वाराचं न सांगितलं जाणारं दुखणं



सायकल चालवणारी माणसं बोलघेवडी असतात. रविवारी सकाळी चहाच्या टपरीवर थांबलेला त्यांचा एखादा घोळका पाहा. किती किलोमीटर झाले, घाट किती वेळात चढला, गुडघा कसा दुखतो, कंबर कशी धरते, हे सगळं मोकळेपणानं सांगितलं जातं. पण एका दुखण्याचा उच्चार तिथं सहसा होत नाही. तासभर सीटवर बसल्यावर दोन्ही जांघांच्या मधला भाग बधिर होतो आणि काहींना सायकलवरून उतरल्यावरही तिथं दुखत राहतं. आज मी त्याच दुखण्याविषयी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं सायकल चालवणारा आणि या दुखण्यातून गेलेला माणूस आहे.

आधी शरीराची रचना समजून घेऊ. कठीण बाकावर ताठ बसलं की बुडाखाली दोन हाडं टोचतात. ही आपली बैठकीची हाडं. वजन पेलण्यासाठीच ती घडली आहेत. त्या दोन हाडांच्या मधे जो मऊ भाग आहे, त्याला योगासनं शिकवणारे शिवण म्हणतात. हा भाग वजन पेलण्यासाठी नाही. जननेंद्रियांकडे जाणारी नस आणि रक्तवाहिन्या याच भागातून जातात. ही नस पाठीच्या कण्याच्या अगदी खालच्या टोकाकडून निघते, बैठकीच्या हाडाच्या आतल्या बाजूनं एका अरुंद बोगद्यातून पुढे येते आणि तिला तीन फांद्या फुटतात. एक गुदद्वाराकडे, एक शिवणीकडे आणि एक जननेंद्रियाकडे जाते. या एका नसेवर दाब आला की दुखणं कधी मागे, कधी मधे, कधी पुढे का जाणवतं, हे यावरून कळेल.

वैद्यकशास्त्रात या नसेला ‘प्युडेंडल’ नस म्हणतात. हा शब्द लॅटिन भाषेतला असून त्याच्या मुळाशी लाज वाटणे हा अर्थ आहे. फ्रेंच डॉक्टर तर तिला सरळ ‘लाजेची नस’ अशा अर्थाच्या नावानं ओळखत आले. १९८७ मध्ये फ्रान्समधल्याच डॉक्टरांनी सायकलस्वारांमधल्या या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. गंमत अशी, की शरीरशास्त्रज्ञांनी नावातच ठेवलेली ही लाज रुग्णानंही इमानेइतबारे पाळली.

माझा त्रास चाळीस-पन्नास किलोमीटरनंतरच्या बधिरपणानं सुरू झाला. घाटात पेडलवर उभं राहिलं की मुंग्या येऊन दोन मिनिटांत तो जायचा. मग तो सोमवारी ऑफिसच्या खुर्चीपर्यंत पोहोचू लागला. बसलं की जळजळ, उभं राहिलं की आराम. लग्नातली पंगत, एसटीचा प्रवास, नाटकाचे तीन तास, बसण्याचा प्रत्येक प्रसंग आधी मनात मोजून घ्यावा लागायचा. घरच्यांना सांगायचं तरी काय? पाय दुखतो, पाठ दुखते असं म्हणता येतं. या जागेचं नाव घ्यायलाच जीभ वळत नाही. आणि मनात दोन भीती होत्या. आता सायकल कायमची सुटणार, ही एक. दुसरी कुठली, ते विवाहित श्रोत्यांना वेगळं सांगायला नको.

मला तपासणाऱ्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच तीन प्रश्न विचारले. बसल्यावर वाढतं का? कमोडवर बसल्यावर खुर्चीपेक्षा कमी वाटतं का? रात्री या दुखण्यानं झोपमोड होते का? माझी उत्तरं हो, हो आणि नाही अशी होती. कमोडची बैठक मधे पोकळ असते, त्यामुळे शिवणीवर दाब येत नाही. झोपल्यावर तर दाब नसतोच. निदानाची ही रीत फ्रान्समधल्या नान्त शहरातल्या तज्ज्ञांनी पक्की केली आणि २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यांच्या कसोट्या पाच आहेत. दुखणं या नसेच्या हद्दीत असावं, बसल्यावर वाढावं, रात्री त्यानं जाग येऊ नये, तपासणीत त्या भागाची संवेदना कमी झालेली आढळू नये आणि नसेजवळ भूल दिल्यावर दुखणं थांबावं. लघवीचा जंतुसंसर्ग, प्रोस्टेटची सूज, हर्निया, मुतखडा, कमरेच्या मणक्यातली सरकलेली गादी, यांचं दुखणंही याच परिसरात येतं. म्हणून घरबसल्या निदान करू नये. डॉक्टरांकडे जावं आणि सायकल चालवतो हे आवर्जून सांगावं. आपण सांगितलं नाही, तर ते त्यांना कळणार कसं?

आता प्रश्न येतो, की आपल्या आजोबांच्या पिढीनं रोज पंधरा-वीस किलोमीटर सायकल मारली, दुधाचे कॅन वाहिले, त्यांचं कसं निभावलं? त्यांच्या सायकलला रुंद, स्प्रिंगची सीट होती आणि हँडल उंच होतं. माणूस ताठ बसायचा आणि वजन बैठकीच्या हाडांवर यायचं. आजच्या वेगवान सायकलचं हँडल खाली आणि पुढे असतं. माणूस वाकतो, त्याबरोबर कंबरेचा सांगाडा पुढे कलतो आणि वजन हाडांवरून सरकून मऊ भागावर येतं. त्याखाली असतं सीटचं अरुंद नाक.

दुकानात यावर पहिला उपाय सांगतात तो जेलच्या जाड कव्हरचा. ऐकायला तो बरोबर वाटतो. पण मऊ गादीत हाडं रुततात आणि मधला भाग वर येऊन शिवणीत घुसतो. २००२ मध्ये युरोपातल्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या सीटवर बसलेल्या पुरुषांच्या जननेंद्रियातला प्राणवायू मोजला. अरुंद पण जाड गादीच्या सीटवर तो सुमारे ८२ टक्क्यांनी घटला. रुंद, बिनगादीच्या, नाक नसलेल्या सीटवर ही घट सुमारे २० टक्के होती. म्हणजे मऊपणापेक्षा रुंदी आणि आकार महत्त्वाचा.

दुसरा प्रयोग अमेरिकेतला. तिथले अनेक पोलिस सायकलवरून गस्त घालतात, दिवसाचे कित्येक तास सीटवर असतात. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं ९० पोलिसांना सहा महिने नाक नसलेली सीट वापरायला दिली. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सायकलवर बधिरपणा अजिबात न जाणवणारे पोलिस आधी २७ टक्के होते, ते ८२ टक्के झाले. नोकरी तीच होती, सायकलही चालूच होती. बदलली फक्त सीट.

स्त्रियांनाही हा त्रास होतो आणि त्यांच्या तोंडून तो आणखी कमी बाहेर पडतो. स्पर्धात्मक सायकल चालवणाऱ्या आणि धावणाऱ्या स्त्रियांची तुलना २००६ मध्ये अमेरिकेत झाली. सायकल चालवणाऱ्या स्त्रियांमध्ये त्या भागाची संवेदना कमी आढळली. त्यांतल्याच पुढच्या एका अभ्यासात हँडल सीटपेक्षा खाली असेल तर दाब वाढतो, हेही दिसलं.

मग करायचं काय? मला उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगतो. घरी जाड पन्हाळी पुठ्ठा कठीण स्टुलावर ठेवा, त्यावर किंचित पुढे वाकून मिनिटभर बसा. दोन खळगे उमटतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर म्हणजे तुमच्या बैठकीच्या हाडांचं अंतर. सीटचा मागचा भाग त्याहून दोनेक सेंटिमीटर तरी रुंद हवा, म्हणजे दोन्ही हाडं सीटवर टेकतील. मग गवंड्याकडची पाणसळ सीटवर ठेवून पाहा. नाक वर असेल तर ते शिवणीत रुतणारच. सीट सपाट ठेवा, फार तर नाक अगदी थोडं खाली. जास्त उतार दिला तर शरीर पुढे घसरतं आणि तळहात बधिर होतात.

उंचीसाठी सोपी खूण आहे. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय जेमतेम सरळ व्हावा. सीट उंच असेल तर कंबर डावी-उजवीकडे डुलत राहते आणि दर फेरीला घर्षण होतं. हँडल सीटच्या बरोबरीनं किंवा थोडं वर घ्या. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दर दहा मिनिटांनी पेडलवर उभं राहणं. गतिरोधक आला, खड्डा आला, की बूड उचला. आपल्या रस्त्यांवर याची आठवण वेगळी ठेवावी लागत नाही!

त्रास जुना झाला असेल तर एवढ्यानं भागत नाही. मला तीन महिने सायकल पूर्ण बंद ठेवावी लागली. ऑफिसच्या खुर्चीवर मधे कापलेली उशी आली, दर अर्ध्या तासानं उठणं आलं. फिजिओथेरपिस्टनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल सोडायला शिकवले. इथे एक सावधगिरी हवी. हे स्नायू आवळण्याचे व्यायाम पुष्कळांना तोंडपाठ असतात, पण स्नायू आधीच ताठरलेले असतील तर आवळल्यानं दुखणं वाढू शकतं. नसेच्या दुखण्याची वेगळी औषधं असतात, प्रसंगी इंजेक्शन देतात, क्वचित शस्त्रक्रियाही करतात. ते सगळं डॉक्टरांनी ठरवायचं. आपण धीर धरायचा, कारण नस सावकाश बरी होते. मला आठवड्यांचा हिशेब सोडून महिन्यांचा धरावा लागला. आज मी पुन्हा लांबचा पल्ला मारतो, पण सीट रुंद आहे, हँडल वर आहे आणि बधिरपणा आला की थांबतो.

काही लक्षणं मात्र थांबून पाहण्याची नाहीत. सायकलवरून उतरूनही शिवणीचा भाग बधिरच राहिला, सोबत पायांतली शक्ती गेली, लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर ते मणक्यातल्या नसा दाबल्या गेल्याचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अंडकोषात अचानक तीव्र कळ आली, तर त्याला पीळ पडलेला असू शकतो. तिथे काही तासांचाच अवधी असतो.

आता त्या दुसऱ्या भीतीविषयी. २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २,७७४ सायकलस्वारांची तुलना पोहणाऱ्यांशी आणि धावणाऱ्यांशी केली होती. लैंगिक आरोग्यात सायकलस्वार मागे नव्हते. बधिरपणा मात्र त्यांच्यात जास्त होता. आणि जे एकूण वेळेच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक वेळ उभं राहून सायकल चालवत, त्यांच्यात तो कमी होता. म्हणजे सायकलला दोष देऊन ती माळ्यावर टाकायची गरज नाही, आणि बधिरपणा हा तर खेळाचाच भाग, असं म्हणून सोसण्याचीही नाही. बधिरपणा हा निरोप असतो. वजन चुकीच्या जागी पडतं आहे, एवढंच तो सांगतो. तो वेळेवर ऐकला तर पाना घेऊन दहा मिनिटांत काम होऊ शकतं.

म्हणून माझी विनंती आहे, विशेषतः सायकलच्या गटांमध्ये जुन्याजाणत्यांना. नव्या मुलामुलींना हेल्मेट, दिवा, पंक्चरचं सामान यांविषयी सांगता, तसं हेही सांगा. संकोच वाटला तर एवढंच विचारा, ‘सीट टोचते का रे? मुंग्या येतात का?’ समोरचा क्षणभर गप्प होईल, इकडेतिकडे पाहील आणि मग बोलायला लागेल. त्याला बोलू द्या, आणि पाना तेवढा हाताशी ठेवा.