दांडीच्या वाटेवरचा हिशेब

२ मार्च १९३० रोजी गांधीजींनी साबरमतीहून व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना पत्र धाडले. त्यात शेतसारा होता, मिठाचा कर होता आणि एक रोखठोक हिशेबही होता. व्हाइसरॉयचा पगार महिना २१,००० रुपये, म्हणजे रोजचे सातशे; आणि सामान्य हिंदी माणसाची मिळकत दिवसाला दोन आण्यांहूनही कमी. मागण्या मान्य झाल्या नाहीत तर मिठाचा कायदा मोडू, हेही त्यांनी कळवून टाकले. सरकारला आगाऊ वर्दी देऊन पुकारलेले हे बंड!

१२ मार्चला ७८ सोबत्यांसह ते निघाले. त्यांत विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य, आश्रमाचे गवई पंडित नारायण मोरेश्वर खरे हेही होते.

वाटेत गावोगाव स्वागत होई, आणि त्याचा थाट वाढत चालला. भाटगामच्या मुक्कामी, २९ मार्चला, गांधीजींनी आपल्याच माणसांची झाडाझडती घेतली. सुरतेहून लॉरीने दूध कशाला आणवता? आदल्या रात्री एक मजूर किटसनची जड बत्ती डोक्यावर घेऊन यात्रेबरोबर धावत होता. लोक त्याला आणखी पिटाळत होते. ते पाहवेना म्हणून गांधीजी झपाझप पुढे निघाले, तर त्यांच्यामागे त्या मजुराला पळवले गेले! ही वेठ नव्हे तर काय, असा त्यांचा सवाल होता. व्हाइसरॉयच्या पगारावर बोट ठेवणाऱ्याने आधी आपला खर्च तपासायला हवा, हे त्यांनी भर सभेत सुनावले.

६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर कायदा मोडला गेला. पाठोपाठ मुंबईत वडाळ्याला, कोकणात शिरोड्याला लोक मिठागरांवर धडकले. ५ मे रोजी, मध्यरात्र उलटताच, गांधीजींना अटक झाली.

तरीही २१ मे रोजी धारासनाच्या मिठागरावर सत्याग्रही चालून गेले. नेतृत्व सरोजिनी नायडूंचे. लोखंडी टोकांच्या लाठ्या डोक्यांवर बसत होत्या; एक रांग कोसळली की दुसरी पुढे येई. वार चुकवायलाही कोणी हात उचलला नाही. अमेरिकी बातमीदार वेब मिलर यांनी हे डोळ्यांनी पाहिले आणि त्यांचा वृत्तांत जगभर छापला गेला.

५ मार्च १९३१ रोजी गांधी-आयर्विन करार झाला. मिठाचा कायदा रद्द झाला नाही. मात्र जिथे मीठ पिकते तिथल्या आसपासच्या गावकऱ्यांना ते घरापुरते गोळा करण्याची, बनवण्याची आणि गावातल्या गावात विकण्याची मुभा मिळाली. गावाबाहेर विकायला बंदी कायम राहिली.