हे कुठवर जाईल?

(रेडिओवरील भाषण)

मला दहा मिनिटं दिली आहेत आणि कागदावर विषय लिहिलाय, 'कौटुंबिक हिंसाचार आणि मदत यंत्रणा'. आता यंत्रणा कोणकोणत्या, हे तुम्ही रेडिओवर पुष्कळदा ऐकलंय. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 2005 चा आहे, 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. संरक्षण अधिकारी असतात, सखी केंद्र असतं, 181 नंबर असतो. मारहाणच नव्हे, तर शिवीगाळ, टोमणे, पैशाची कोंडी, शरीराची जबरदस्ती हे सगळं त्या कायद्यात येतं. ते मी पुन्हा उगाळत बसणार नाही. मला एकच गोष्ट सांगायचीय. ती मी दोनतीनदा सांगेन, कारण कुणी मध्येच चुलीकडे गेलेली असेल, कुणाचं लेकरू रडत असेल.

मी भोकरच्या कोर्टात वकिली करते आणि अधूनमधून एका समुपदेशन केंद्रात बसते. तिथे बाई येते ती बाजाराचं निमित्त करून, लालपरीच्या अर्ध्या तिकिटात. खुर्चीच्या टोकावर बसते आणि एकदा बांध फुटला की सगळं सांगून टाकते. नवऱ्याचं, सासूचं, दिराचं, माहेरच्यांनी कशी पाठ फिरवली त्याचं. आणि सगळं सांगून झाल्यावर, उठता उठता विचारते, 'ताई, हे कुणाला कळणार तर नाही ना?'

अगं माय, हा प्रश्न आधी विचारायचा! बसल्याबरोबर. नाव सांगायच्याही आधी. 'मी जे सांगणार आहे ते कुठवर जाईल?' हीच माझी आजची एक गोष्ट. खरं तर तिला विचारायची वेळच येऊ नये. समोर जो कुणी बसलाय, समुपदेशक, वकील, पोलीस, आशाताई, अंगणवाडीच्या बाई, त्यानं आपल्या अटी आधी सांगाव्यात. आम्ही काय करू शकतो, काय करू शकत नाही, कुणाला सांगू, कुणाला नाही. मदतीलाही अटी असतात. त्या भिंतीवर बारीक अक्षरात डकवल्या म्हणजे आपलं काम झालं, असं नाही.

आता बघा, आपण उन्हाळ्यात लोणचं घालतो. बरणी उन्हात तापवून घेतो, आत पाण्याचा थेंब राहू देत नाही. वर झाकण, झाकणावर दादरा, दादऱ्याला सुतळी. मग ती बरणी घरात कुणीही उघडत नाही. जिच्या हाती तो कारभार असतो तीच उघडते, कोरड्या हातानं, कोरड्या चमच्यानं. ज्याला फोड पाहिजे त्याला ती काढून देते, बरणी त्याच्यापुढे ठेवत नाही. बाईनं आपल्यापाशी ठेवलेली गोष्ट ही तिची बरणी. ती तिनं आपल्याला दिलेली नाही, ठेवायला दिलीय. एक ओला चमचा गेला की वरची एक फोड खराब होत नाही, अख्ख्या बरणीवर बुरा येतो. आणि ओला चमचा घालणारा वाईट माणूसच असतो असं नाही. 'मी फक्त तिच्या भावाला सांगितलं, तिच्या भल्यासाठी.' हाच तो ओला चमचा! भावानं बायकोला सांगितलं, तिनं आईला, आणि संध्याकाळच्या आत ते सासरी पोचलं. त्या रात्री तिच्यावर काय गुदरलं, ते ज्यानं तोंड उघडलं त्याला कधी कळतही नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 2019 ते 21 मधल्या, बायकांना हेही विचारलं होतं. ज्यांनी मार किंवा शरीराची जबरदस्ती सोसलीय त्यांच्यातल्या शंभरी चौदाच जणी मदत मागायला गेल्या. तीनचतुर्थांशांहून जास्त जणींनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. आपण म्हणतो, बायका बोलत नाहीत. बोलल्यावर त्या बोलण्याचं आपण काय करतो, तेही बघा ना जरा.

आता अटी. कोणत्या दारात तुम्ही उभ्या आहात, त्यावर अटी बदलतात. हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून नीट ऐका.

कायद्यात एक कागद आहे, डीआयआर म्हणतात त्याला. घरात काय घडलं त्याचा अहवाल. तुम्ही नोंदणीकृत सेवाभावी संस्थेत गेलात, तर तो अहवाल तुमची इच्छा असेल तरच लिहायचा आहे, कलम 10 मध्ये तसं म्हटलंय. तुम्ही नको म्हणालात, नुसतं बोलायला आलेय म्हणालात, तर तुमचा अहवाल पुढे जाणार नाही. पण तेच तुम्ही संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार केलीत, तर कलम 9 प्रमाणे तो अहवाल न्यायदंडाधिकाऱ्याकडे जातो आणि त्याची प्रत पोलीस ठाण्यात जाते. यात वाईट काही नाही, पुष्कळदा तेच हवं असतं. पण ते तुम्हाला आधी माहीत पाहिजे. जिला अजून ठरवायचंय, लेकरांच्या परीक्षा होऊ द्यायच्यात, तिनं एका दारात जायचं. जिचं ठरलंय तिनं दुसऱ्या. आणि दार उघडणाऱ्यानं सांगायचं, बाई, इथे बोललीस तर कागद कुठे जातो.

निवाऱ्याचंही तसंच. निवारागृहात राहायला गेलात आणि म्हणालात, मी इथे आहे हे कळू देऊ नका, तर ते कळू द्यायचं नाही. याच कायद्याच्या 2006 च्या नियमांतल्या 16 व्या नियमात हे लिहिलेलं आहे. डीआयआर नाही म्हणून निवारा नाकारायचा नाही, हेही तिथेच लिहिलंय. पण नवरा दारात येऊन गोड बोलतो, 'मुलगी आजारी आहे, तिच्या आईला एकदा भेटू द्या', आणि पहारेकरी म्हणतो, 'थांबा, बोलावतो.' झालं! एका शब्दात पत्ता फुटला.

वकिलाला सांगितलेलं कायद्यानं झाकलेलं असतं, तुमच्या परवानगीशिवाय वकिलाला ते उघड करता येत नाही. समुपदेशकाच्या वहीला तेवढं कायद्याचं कवच नाही. कोर्टानं मागितली तर वही न्यावी लागू शकते. म्हणून मी आमच्या केंद्रातल्या समुपदेशक मुलींना सांगत असते, लागेल तेवढंच लिहा. शेजारणीचं नाव, नणंदेच्या लग्नाची भानगड, हे वहीत कशाला?

आणि आता सगळ्यात अवघड अट. दादरा कितीही घट्ट बांधला तरी काही वेळा बरणी उघडावीच लागते. आपल्या भागात मुलींची लग्नं लवकर होतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. समोर बसलेली मुलगी सोळा-सतरा वर्षांची, कडेवर मूल. ती सांगते नवरा रात्री काय करतो. पोक्सो कायदा 2012 चा आहे. त्यातल्या 19 व्या कलमानं अठराच्या आतल्या मुलीवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती ज्याला कळेल त्यानं ती पोलिसांना दिलीच पाहिजे. आणि 11 ऑक्टोबर 2017 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अठराखालच्या बायकोवरची जबरदस्ती हासुद्धा बलात्कारच, लग्न झालंय ही सबब नाही. मग मी तिला म्हणू शकते का, 'पोरी, सांग, कुणाला कळणार नाही'? नाही म्हणू शकत. ते खोटं वचन होईल. तिच्या बोलण्याआधी मला सांगावं लागेल, 'तू अठराच्या खाली असशील आणि असं काही सांगितलंस, तर ते मला पोलिसांना कळवावं लागेल.' ती कदाचित उठून जाईल. जाऊ दे, तो तिचा हक्क. पण गोड बोलून काढून घ्यायचं आणि मग पोलीस बोलवायचे, हे केलं की ती पोर पुन्हा आयुष्यात कुणाजवळ तोंड उघडणार नाही. यावर माझं आणि काही मैत्रिणींचं जमत नाही. त्या म्हणतात, आधी सांगितलं तर मुली हातातून निसटून जातात. त्यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण... असो, हा वाद दहा मिनिटांत मिटायचा नाही.

आता थोडं रागवायचंय. सरपंचसाहेब, पोलीस पाटील, तंटामुक्त समितीचे अध्यक्ष, तुम्ही ऐकत असाल तर. 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली. बांधाचे वाद, पाण्याचे वाद मिटले, चांगलं झालं. पण घरात मार खाणाऱ्या बाईला देवळापुढे पारावर उभं करून, सगळ्या गावासमोर 'बोल बाई, काय तक्रार आहे' म्हणणं, याला तंटा मिटवणं म्हणायचं? ती काय बोलणार? सासरा समोर, दीर समोर, लेकाच्या वर्गातला पोरगा झाडावर बसून ऐकतोय. ती म्हणते, 'काही नाही.' तुम्ही लिहिता, 'समेट झाला.' 2005 चा कायदा तर म्हणतो, पक्षकाराची इच्छा असेल तर न्यायाधीशसुद्धा दार लावून ऐकू शकतात. आणि समुपदेशनात नवऱ्याला मारण्याची कारणं सांगायची मुभाच नाही, 2006 च्या नियमांत तसं आहे. 'पण तिनं उलटं उत्तर दिलं होतं', हे वाक्य तिथे चालत नाही. पारावर मात्र पहिलं वाक्य तेच.

संस्थांनाही सांगते, माझ्याच बिरादरीला. शिलाई मशीन दिलं की फोटो, साडी दिली की फोटो, अहवालात फोटो, पेपरात फोटो. तोंडावर काळी पट्टी लावली म्हणून काय झालं? गावाला नेसलेलं लुगडं ओळखू येतं. तिला विचारलंत का? विचारलंत, पण मशीन हातात देऊन विचारलंत. मग ती नाही कशी म्हणेल?

माझा मुद्दा पुन्हा. बोलण्याआधी विचारा, हे कुठवर जाईल. आणि ऐकणाऱ्यांनो, तिनं विचारायच्या आधी तुम्ही सांगा.

1982 ची गोष्ट जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. मंजुश्री सारडा. माहेर आपल्याच मराठवाड्यातलं, बीडचं. पुण्यात सासर, फेब्रुवारीत लग्न आणि जूनमध्ये मृत्यू. तेवढ्या चार महिन्यांत तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती, आपलं दुःख त्यांत सांगितलं होतं. खटल्यात ती पत्रं पुरावा म्हणून वाचली गेली. खालच्या दोन्ही कोर्टांनी पतीला दोषी ठरवलं. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुराव्याची साखळी पुरी होत नाही म्हणून त्याला निर्दोष सोडलं. तो निकाल आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. निकालाबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला त्या पत्रांचं वाटतं. निवडून, विश्वासाच्या दोन माणसांना लिहिलेली पत्रं. आज कायद्याची कुठलीही विद्यार्थिनी ती उघडून वाचते. हयात असताना तिचं ते दुःख ज्याला कळलं असतं आणि ज्यानं काही केलं असतं, असं अधिकृत दार तिच्यासाठी कुठे होतं? मुंबईत पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेनं महिलांसाठीचा विशेष कक्ष काढला तोच मुळी 1984 मध्ये.

तेव्हा पत्र होतं, निदान पाकीट बंद होतं. आता मोबाइल आहे, आणि तो पुष्कळ घरांत बाईचा नसतो. नवऱ्यानं घेऊन दिलेला, पोरानं चालू करून दिलेला. पोराच्याच नावाचं खातं, म्हणजे तिनं काय शोधलं ते त्याच्या फोनवरही दिसू शकतं. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' म्हणून एक जागा आहे. तिथे अनोळखी यंत्र दिसलं तर समजा, तुमचे निरोप दुसरीकडेही उघडतायत. फोन रेकॉर्ड होत असतील. म्हणून पहिला फोन शेजारणीच्या मोबाइलवरून, किंवा दवाखान्यात गेल्यावर आशाताईच्या. आणि जी संस्था फोन घेते तिनं पहिलं वाक्य हे विचारायचं, 'तुम्ही आत्ता एकट्या आहात का? परत फोन केला तर चालेल का? कोणत्या वेळी?' सेवेची भावना मोठी, पण भर दुपारी घरच्या नंबरवर 'नमस्कार, आम्ही अमुक संस्थेतून बोलतोय' असा फोन आला, आणि उचलला सासूनं, तर?

काचेच्या पलीकडून बोटं दाखवतायत, दोन मिनिटं राहिली. घरात राहण्याच्या हक्काचं, कलम 17 चं, मला बोलायचं होतं, घर नवऱ्याच्या नावावर नसलं तरी काय होतं ते. पोटगीचंही राहिलं. ते पुन्हा कधी बोलावलंत तर.

नंबर सांगते. कुणी अंगावर येत असेल, आत्ताच्या आत्ता, तर 112. बोलायचं असेल तर 181. वकील फुकट हवा असेल तर 15100. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, 1987 च्या कायद्यानं, आणि भोकरच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती बसते, नांदेडपर्यंत जायला नको. लेकरांसाठी 1098. हे कागदावर लिहून पोथीत ठेवू नका, पोथी सगळेच उघडतात. पाठ करा. फोन झाला की यादीतून तो नंबर पुसा. आणि पलीकडच्या ताईला नावाआधी विचारा, हे कुठवर जाईल. तिनं नीट उत्तर दिलं नाही तर ठेवून द्या आणि दुसरीकडे लावा, त्यात उद्धटपणा नाही. अजून एक, दवाखान्यात भाजलेली किंवा मार लागलेली बाई गेली तर डॉक्टरांनी... नाही, वेळ संपली म्हणतायत.