शाळेच्या दारांत

(शाळाप्रवेशाच्या दिवशीं आईबापांपुढें केलेलें भाषण)



आज सकाळीं आपण आपलीं लेंकरें घेऊन येथें आलां. त्यांच्या रडण्याचा गलबला सर्वांनीं ऐकला. पण आईबापांच्या पोटांत जी कालवाकालव झाली तिचा आवाज होत नाहीं, म्हणून तिच्याविषयीं कोणी बोलत नाहीं. आम्ही तिच्याचविषयीं दोन शब्द बोलणार आहों.

आम्हीं आमच्या मुलीला पहिल्या दिवशीं शाळेंत आणलें तेव्हां तिनें आमचें बोट घट्ट धरलें होतें. बाईंनीं तें हळूच सोडविलें. ती आंत गेली आणि आम्ही दाराबाहेरच उभे राहिलों. शेतांत पाळी घालावयाची होती, पण पाय निघेना. पोर भुकेली राहील, तिला कोणी मारील, हें मनांत आलेंच. पण खरें सांगावयाचें तर याहून खोल एक भय होतें. शिकून ही उद्यां आमच्या शेणामातीच्या हातांना लाजणार तर नाहीं? जी विद्या आमच्या वाडवडिलांना कोणीं शिवूं दिली नाहीं, तिच्या दारांत आमचें काय काम?

हें भय आजचें नाहीं. महात्मा जोतीराव फुले यांचे वडील गोविंदराव यांनाहि त्यानें गांठलें होतें. फुलें व भाजीपाला पिकवून पोट भरणारा हा माळी. त्यांनीं मुलाला शाळेंत घातलें. पण शिकून तो शेतीच्या कामांतून जाईल असें त्यांच्या कानीं घालण्यांत आलें, आणि त्यांनीं त्याला शाळेंतून काढून बागेंत राबावयास लावलें. पुढें गफार बेग मुनशी व लिजिटसाहेब या ओळखीच्या दोघांनीं बापाची समजूत घातली, तेव्हां १८४१ सालीं जोतीराव पुन्हा शाळेंत बसले. सातच वर्षांनीं, १८४८ सालीं, त्यांनीं पुण्यांत भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली. त्या दोघांनीं तोंड उघडलें नसतें तर? बापाच्या पोटांत माया नव्हती काय? होती; पण तिला भयानें घेरलें होतें.

राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं करवीर राज्यांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, आणि मूल न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला. आज २००९ सालच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा तो हक्कच झाला आहे. मुलाला मारण्यासहि त्यांत बंदी आहे. पण कायदा मुलाला दारापर्यंत आणतो. तेथें तें टिकविणें आपल्या हातीं आहे.

म्हणून विनंति एवढीच. ‘थांब, गुरुजींना सांगतों,’ असा धाक लेंकराला घालूं नका. शाळेचें भय आपण घरींच पेरतों. पेरणी-काढणीला पोरगा आणि धाकटें भावंड सांभाळावयाला पोरगी घरीं ठेवूं नका. ज्यांना दसऱ्यानंतर कोयता घेऊन उसाच्या फडावर जावें लागतें, त्यांनीं लेंकरूं आजीआजोबांपाशीं ठेवावें, किंवा हंगामी वसतिगृहाची चौकशी गुरुजींपाशीं आधींच करावी. तेंहि नसेल तर फडाजवळच्या शाळेंत त्याला बसवावें. आपणांस अक्षर येत नसेल तरी रोज सायंकाळीं ‘आज काय शिकलास?’ एवढें विचारावें. आणि शाळेच्या दाराबाहेर उभे राहूं नये; आंत यावें, बसावें, विचारावें. ही शाळा आपल्या पैशावर चालते.

त्या पहिल्या दिवशीं सायंकाळीं आमची पोर घरीं आली तेव्हां आमचे हात मातीनें भरले होते. तिनें आमचा हात ओढला, तळव्यावरच्या मातींत बोटानें रेघ ओढली आणि म्हणाली, ‘आबा, हा ग.’ ती त्या हातांना लाजली नाहीं. तिनें त्यांचीच पाटी केली.

भय आपलें आहे, लेंकरांचें नव्हे. तें आपण आपल्यापाशींच ठेवूं या. त्यांच्या दप्तरांत घालूं नये.

सत्यमेव जयते.