होडीचे यंत्र विमानात



मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशी आणि वाचनालयात झाले. अशा माणसाने विमानावर काय बोलावे, असे आपण म्हणाल. पण विमानही शेवटी हातांनीच बांधले जाते. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते लोकांनी प्रदर्शनात पाहिले, २०१७ च्या नोव्हेंबरात त्याची सरकारी नोंद झाली आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये ते धुळ्याला उडाले.

घरी विमान बांधणाऱ्याचा खिसा बहुधा हलकाच. म्हणून परदेशातले काही हौशी लोक बोटीवरचे जीपीएस यंत्र विमानात बसवतात. आपल्या रेवदंड्याचे तांडेल वापरतात, त्याच जातीचे हे यंत्र. यात वेडेपणा नाही. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की ते आपली जागा सांगते. खाली पाणी आहे की हवा, हे विचारीत नाही. दर्यावर आणि आकाशात वेग नॉटमध्येच मोजतात. सागरी मैलही तोच, १८५२ मीटरचा. तांडेल मासळीची जागा यंत्रात नोंदवतो, तसे वैमानिकाने धावपट्टीचे अक्षांश-रेखांश नोंदवावेत.

मग धोका कुठे? एक अनुभव सांगतो. एका कारखान्यात दाबमापक बिघडला, तेव्हा दुसऱ्या खात्यातला काढून बसवला. जुना पौंडांचा, नवा किलोंचा. रात्रपाळीच्या कामगाराने सातचा आकडा पाहिला, दाब कमी समजला आणि वाफ वाढवली. सात किलो म्हणजे जवळजवळ शंभर पौंड! त्याचा हात भाजला. मापक खोटे बोलला नव्हता. त्याची भाषा कामगाराला कोणी सांगितली नव्हती, एवढेच.

विमानातही असेच आहे. बोटीचे यंत्र जमिनीच्या हिशेबाने वेग सांगते. विमानाला मात्र पंखांवरून वाहणारी हवा उचलून धरते. पाठीमागून वीस नॉटचा वारा असेल, तर यंत्र साठ दाखवील आणि पंखांना चाळीसच मिळतील. पंखांना पंचेचाळीस लागत असतील, तर विमान कोसळेल. विमाने आपापली उंची हवेच्या दाबावरून ठरवतात. उपग्रहाची उंची तिच्याशी जुळेलच असे नाही. सागरी नकाशात पाण्याची खोली मिळते. आपल्या अवचितगडाची उंची त्यात शोधू नये. म्हणून हवेतला वेग दाखवणारा मापक, दाबावर चालणारा उंचीमापक आणि होकायंत्र ही तिन्ही हवीतच. होडीचे यंत्र त्यांच्या जोडीला असावे, त्यांच्या जागी नव्हे.

तपासनीस प्रश्न विचारतो म्हणून कारागिराने रागावू नये, आणि तपासनिसानेही गच्चीवरच्या कारागिराला वर्षानुवर्षे दारात उभे करू नये. दोघांना एकच माणूस सुखरूप उतरवायचा आहे. हत्यार उसने आणण्यात कमीपणा नाही. मात्र ते काय सांगते आणि काय सांगत नाही, हे वापरणाऱ्याला आधी सांगा. तो कामगाराचा हक्क आहे, वैमानिकाचाही.