ब्रेकचे ओरडणे

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



लोणची, शिवण आणि बालसंगोपन यांवरील व्याख्यानांनंतर मोटारीच्या ब्रेकवर व्याख्यान ठेवण्याचे धाडस आपल्या चिटणीसबाईंनी केले, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानते. विषय वाटतो तितका परका नाही. आपल्यापैकी कितीतरी जणी आज स्वतः गाडी चालवतात, आणि पुष्कळ घरांत पहिली गाडी येते ती दुसऱ्याने पाचसात वर्षे वापरलेली. घेताना इंजिन, टायर, कागदपत्रे सारे पाहिले जाते. मग एके दिवशी सिग्नलला ब्रेक दाबावा, तो अशी किंचाळी निघते की सारा चौक वळून पाहतो.

यावर दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, "जुनी गाडी, ओरडायचीच." दुसरा म्हणतो, "सगळे ब्रेक बदलून टाका." दोघांनीही चाक काढून पाहिलेले नसते! आवाजाआवाजात फरक असतो. कोणता हसून सोडून द्यावा आणि कोणता ऐकताच गाडी बाजूला उभी करावी, हे ज्याच्या हाती चाक आहे त्याला कळले पाहिजे.

मुळात ब्रेक ओरडतो का? मी तीस वर्षे शाळेत फळ्यावर लिहिले. नवा लांब खडू कधीकधी असा चिरकतो की मुले कानांवर हात ठेवतात. तो मोडून अर्धा केला किंवा धरायचा कोन बदलला की गप्प होतो. खडू फळ्याला क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. हे सेकंदाला शेकडो वेळा घडते आणि त्याचाच आवाज होतो. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी म्हणजे डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे दाबणारे ते पॅड. तबकडी फळा समजा, पॅड खडू. पुष्कळ पॅडच्या कडा कारखान्यातच तिरक्या केलेल्या असतात आणि पाठीला एक पातळ पत्रा बसवलेला असतो, तो ही थरथर शोषून घेण्यासाठी.

आता आवाज ओळखायचे कसे? पावसाळ्यात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी बाहेर काढताना खरखरते आणि पाचसहा वेळा ब्रेक दाबल्यावर शांत होते. तो तबकडीवर रात्रीतून चढलेला गंज असतो. त्याची चिंता नको. ब्रेक दाबा न दाबा, चाक फिरेल तसा पत्रा खरवडल्यासारखा आवाज आला, तर बहुधा तबकडी आणि तिच्यामागचे पत्र्याचे झाकण यांच्यामध्ये खडा अडकलेला असतो.

तिसरा आवाज मात्र मुद्दाम ठेवलेला आहे. पुष्कळ पॅडना पोलादाची एक लहानशी जीभ असते. पॅड झिजून दोनतीन मिलिमीटर उरले की ती तबकडीला टेकते आणि गाडी चालताना बारीक शिटी वाजू लागते. पॅड बदलण्याची ती सूचना होय. तिकडे दुर्लक्ष केले, तर काही दिवसांनी ब्रेक दाबताच जात्यासारखी घरघर ऐकू येते. पॅडचा मसाला संपून लोखंडावर लोखंड घासते आहे, असा तिचा अर्थ. ती ऐकल्यावर "आजचा दिवस बाजार उरकू" असे म्हणू नये. गाडी तिथेच ठेवून मेकॅनिकला बोलवावे.

आमची गाडी आठ वर्षांची असताना घेतली. पुढच्या डाव्या चाकातून, तेही हळू ब्रेक लावतानाच, आवाज यायचा. एका गॅरेजवाल्याने बाहेरूनच ऐकून दोन्ही डिस्क, चारही पॅड आणि मागचे लायनर बदलायला सांगितले. मी म्हटले, "आधी चाक काढून मला पॅड दाखवा." ते त्याला फारसे रुचले नाही. दुसऱ्या मेकॅनिकने दाखवले. पॅडचा मसाला चांगला सात मिलिमीटर शिल्लक होता. फक्त तापून तापून त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला होता. पाठीचा पत्रा पूर्वी कोणी पॅड बदलताना बसवलाच नव्हता. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यांतली एक कोरडी पडली होती, म्हणून पॅड तबकडीपासून नीट सुटत नव्हते. त्याने पॅड पॉलिश पेपरने घासले, पिना पुसून त्यांना ब्रेकचेच, उष्णता सोसणारे ग्रीस लावले, नवा पत्रा बसवला. तासाभराचे काम! नंतर मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून हळूहळू ब्रेक लावून, मध्ये थंड होऊ देत, आठदहा वेळा वेग उतरवला. आवाज गेला.

आवाज बंद करण्यासाठी पॅडवर तेलाचा थेंब सोडण्याचा सल्ला कोणी देईल. कृपा करून ऐकू नका. शिवणयंत्राला तेल देतात. ब्रेकला दिले तर आवाजाबरोबर ब्रेकही जातो. आतली धूळ फुंकूही नये, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसावी. पॅड बदलायचे तर एका चाकाचे नव्हे, डाव्याउजव्या दोन्ही चाकांचे एकदम, नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते. डिस्क बदला म्हणतील, तर तिच्यावर कोरलेली किमान जाडी मेकॅनिकला मोजून दाखवायला सांगा. ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली असेल, तर वरून ओतण्याआधी पॅड पाहावेत. पॅड झिजले की पातळी उतरतेच, आणि ते झिजले नसतील, तर ऑइल कुठून गळते ते शोधावे लागते.

मे महिन्यात आपल्यातल्या काही जणी महाबळेश्वराहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणार आहेत, म्हणून एवढे सांगते. उतारावर सारखा ब्रेक दाबून ठेवू नका. खालच्या गिअरमध्ये उतरा. जळका वास आला किंवा पाय नेहमीपेक्षा खोल जाऊ लागला, तर जागा पाहून थांबा आणि चाके आपोआप निवू द्या. त्यांवर पाणी ओतू नका.

बोलून सारे समजत नाही. खाली अंगणात आमची गाडी सपाट जागी उभी आहे. पुढचे एक चाक उतरवले आहे, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर न ठेवता खाली भक्कम आधारही दिला आहे. शेजारी चटईवर एक नवे पॅड आणि एक झिजलेले ठेवले आहे. चहा झाल्यावर ज्यांना ती जीभ बोटाने चाचपून पाहायची असेल, त्यांनी यावे. हात पुसायला जुने फडके मी आणले आहे.